हिवाळ्यांतील फळबाग आणि अनाहूत पाहुणे

ठाणें जिल्ह्यांतील अंबरनाथ तालुका हा मूळचा भाताचा मुलूख होय. तथापि अंबरनाथहून बदलापूर-वांगणीकडे आणि तेथून मलंगगड, तावली व चंदेरी या डोंगरांच्या पायथ्याकडे गेल्यास खाचरांच्या बांधांवर, वरकस जमिनींत व गांवठाणांच्या कडेला आंबा, जांभूळ, फणस व चिकू यांचीं झाडें आजही नजरेस पडतात. बदलापूरच्या जांभळास तर भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला आहे. या बागा मोठ्या नव्हेत. बहुतेक एक-दोन एकरांच्या. मालक सकाळच्या गाडीनें कल्याण-मुंबईकडे नोकरीस जाणारा आणि सभोंवतीं दरसाल नवीन इमारती उठत असलेल्या. अशा बागेचा हिवाळा कसा संभाळावा आणि त्या अवधींत न बोलावतां येणाऱ्या पाहुण्यांचा बंदोबस्त कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भाताची कापणी व झोडणी उरकली म्हणजे शेतीचें वर्ष संपलें असें समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. भातापुरतें तें खरें. बागेचें मुख्य काम मात्र त्याच वेळीं सुरू होतें. मार्गशीर्षांतील चंपाषष्ठीपासून माघांतील महाशिवरात्रीपर्यंत सुमारें ८० दिवस होतात. आंब्याचा मोहोर फुटणें, तो उमलणें आणि कणी धरणें हें सर्व बहुतेक याच अवधींत उरकतें. शिवरात्रीस अंबरनाथच्या शिवमंदिराशीं मोठी जत्रा भरते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष ज्याच्या शिलालेखांत कोरलेलें आहे तें हें शिलाहारकालीन मंदिर पंचक्रोशीचें दैवत आहेच. बागायतदारास तें पंचांगासारखेंही उपयोगीं पडतें. शिवरात्रीस थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असें वडील माणसें सांगतात. त्या दिवशीं जत्रेस निघण्यापूर्वीं बागेंत एक फेरी मारावी. झाडावर जी कणी टिकलेली दिसेल, तिच्यावरून वैशाखांत हातीं काय लागणार याचा बराचसा अंदाज करितां येतो.

लहान बागेचें पीक मोठ्या अरिष्टापेक्षां कोणाची नजर न पडल्यामुळें अधिक जातें, असें आमचें मत आहे. प्रत्येक पाहुण्याची येण्याची वेळ बहुधा ठरलेली असते. ती ओळखून त्याच्याआधीं बागेंत हजर असणें हाच पुढील सर्व सूचनांचा पाया आहे, व हें काम एकट्यादुकट्यास पेलत नसल्यास काय करावें तेंही शेवटीं सांगितलें आहे.

थंडी, दंव आणि मळभ

बदलापूर-कर्जतकडील खोरें मुंबईच्या मानानें पुष्कळ थंड असतें. समुद्र दूर, आकाश निरभ्र आणि बाजूस डोंगर, यामुळें रात्रीं जमीन लवकर निवते व उतारावरील थंड हवा जड होऊन खालच्या सपाटीवर येऊन बसते. कांहीं वर्षीं पहाटेचा पारा १० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उतरतो. एकाच गांवांतील उतारावरची बाग व ओढ्याकांठची बाग यांच्या थंडींत म्हणूनच फरक पडतो. खोलगट जागेंत दंव उशिरापर्यंत टिकतें आणि रोगाची सुरुवातही बहुधा तेथूनच होते. यास्तव सकाळच्या फेरीचा आरंभ नेहमीं बागेच्या सखल कोपऱ्यापासून करावा.

थंडी ही आंब्याची वैरीण नव्हे. पावसाळ्यानंतर जून झालेल्या डहाळीस मोहोर येण्यासाठीं कोरडी हवा व थंड रात्री लागतातच. परंतु थंडी फार दिवस लांबली तर दोन प्रकारें नुकसान होतें. पारा १५ अंशांखालीं दीर्घकाळ राहिल्यास परागांची शक्ति कमी होऊन फळधारणा मंदावते. मोहोर दिसावयास भरगच्च, पण कणी थोडी, असा प्रकार मग होतो. दुसरें असें कीं, पहिल्या मोहोरास कणी धरलेली असतांनाच थंडी पुन्हां वाढली तर त्याच डहाळीस दुसऱ्यांदा मोहोर फुटतो. झाडाचें अन्न नव्या मोहोराकडे ओढलें जातें आणि वाटाण्याएवढीं फळें गळून पडतात. हापूसमध्यें ही खोड विशेष आहे. यावर दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची शिफारस अशी कीं, पुरेसा मोहोर आल्यावर जिबरेलिक आम्ल १ ग्रॅम २० लिटर पाण्यांत मिसळून फवारावें. मोहोर जेमतेमच असेल तर मात्र ही फवारणी करूं नये. कारण मग दुसरा मोहोर हाच आपला आधार असतो.

पाण्याविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. जमीन सुकलेली दिसली कीं मालकाचा हात मोटारीच्या कळीकडे जातो. फळावर आलेल्या आंब्यास मोहोरापूर्वीं पाणी दिल्यास मोहोराऐवजीं पालवी फुटते. फळें वाटाण्याहून मोठीं झाल्यावर, दर १५ दिवसांनीं झाडामागें १५० ते २०० लिटर याप्रमाणें तीन वेळां पाणी द्यावें. तेवढ्यानें गळ कमी होऊन फळाचा आकार सुधारतो. नवीन लावलेल्या कलमांस हा नियम लागू नाहीं. त्यांना हिवाळ्यांतही नियमित पाणी हवें, व आळ्यांत भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा अंथरावा. हें आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावें, नाहीं तर वाळवी खोडाशीं येते.

थंडीहून अधिक भय मळभाचें व अवकाळी पावसाचें आहे. डिसेंबर २०१७ मध्यें ओखी वादळाच्या वेळीं आणि पुन्हां डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत मुंबई-ठाण्याकडे पाऊस पडला, हें वाचकांस स्मरत असेल. फुटूं लागलेल्या मोहोरावर असें पाणी पडलें कीं करपा बळावतो. पाऊस थांबतांच, ऊन पडण्याची वाट न पाहतां, हाताशीं येणाऱ्या फांद्या हलक्या हातानें हालवून पाणी झाडून टाकावें. उघडीप मिळतांच हेक्झाकोनॅझोल ५ टक्के हें औषध १० लिटर पाण्यांत ५ मिलिलिटर घेऊन फवारावें.

हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची योजना आंब्यास लागू आहे. अवेळीं पाऊस व नीचांकी तपमान या दोन्ही गोष्टी तींत धरल्या जातात. आणि भरपाई आपल्या बागेंतील पंचनाम्यावर ठरत नसून महसूल मंडळांतील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. अर्जाची मुदत हिवाळ्याच्या तोंडाशींच संपत असल्यामुळें पाऊस पडल्यावर विम्याची आठवण होऊन उपयोग नसतो. सबब दिवाळी झाल्याबरोबर त्या सालची मुदत विचारून घ्यावी.

मोहोरावर उतरणारे पाहुणे

तुडतुडा हा हिवाळ्यांतील पहिला पाहुणा. वर्षाचा उरलेला काळ तो खोडाच्या सालींतील भेगांत व दाट सावलींत काढतो, आणि कोंवळी पालवी व मोहोर दिसूं लागतांच बाहेर पडतो. मोहोराच्या दांड्यांत तो अंडीं घालतो. पिलें व मोठे किडे रस शोषतात. त्यांच्या अंगांतून झरणारा चिकट द्रव पानांवर पडून त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. बागेंत शिरतांना झाडाखालचीं पानें उन्हांत चकाकत असतील, किंवा फांदी हालवतांच तडतड असा बारीक आवाज होत असेल, तर तुडतुडे आले असें समजावें.

यावर सर्वांत स्वस्त उपाय औषधाचा नसून कोयत्याचा आहे, व तोही हिवाळ्यापूर्वींचा. झाडाच्या मध्यावरील दाट, आडव्या, वाळक्या फांद्या काढून आंत ऊन व वारा खेळता केला म्हणजे तुडतुड्यांस लपण्याची जागा उरत नाहीं. कापलेल्या जागीं बोर्डो मलम लावावें. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हें त्याचें प्रमाण. मोहोर फुटण्याच्या वेळेपासूनची फवारणी कृषि विद्यापीठाच्या त्या त्या वर्षाच्या वेळापत्रकाप्रमाणें करावी. तें तालुक्याच्या कृषि कार्यालयांत मिळतें. एकच औषध पुन्हां पुन्हां वापरूं नये, कारण तुडतुडे त्यास सरावतात.

भुरी ही पांढऱ्या पिठासारखी मोहोरावर पसरते. दिवसा कोरडी हवा, रात्रीं गारवा व पहाटे दंव अशी आपल्या खोऱ्यांतील जी नेहमींची स्थिति, तीच तिला मानवते. पाण्यांत विरघळणारें ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यांत २० ग्रॅम या प्रमाणानें फवारल्यास ती आटोक्यांत येते. गंधकाची फवारणी भर उन्हांत करूं नये.

मोहोर पूर्ण उमलल्यावर शक्य तों कोणतीही फवारणी टाळावी. आंब्याचे पराग वाहून नेणाऱ्या माश्या व मधमाश्या हे आपले बोलाविलेले पाहुणे आहेत. ते ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंत मोहोरावर काम करीत असतात, आणि त्या वेळीं उडविलेलें विष आपल्याच फळावर पडतें. फवारणी चुकवितां येण्यासारखी नसेल तर ती सूर्यास्ताच्या सुमारास करावी. येथेंच आणखी एक गोष्ट सांगून ठेवितों. हापूसच्या फुलास स्वतःच्या परागापेक्षां दुसऱ्या जातीचा पराग अधिक मानवतो. म्हणून बांधावरचा जुना रायवळ आंबा निरुपयोगी समजून तोडूं नये. तो नसेल तर केसर किंवा रत्ना जातीचीं थोडीं झाडें बागेंत असावींत. रत्ना ही जात कोंकण कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरांतून काढून १९८१ सालीं प्रसारित केली.

बांडगूळ व खोडकिडा हे दोन पाहुणे सावकाश काम करितात, म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होतें. हिवाळ्यांत बांडगुळास नारिंगी-तांबडीं नळीसारखीं फुलें येतात. त्यामुळें आंब्याच्या हिरव्या पसाऱ्यांत तें याच दिवसांत सहज ओळखूं येतें. त्यास फळ धरण्यापूर्वींच तें फांदीच्या कांहीं भागासह कापून टाकावें. फळ पिकलें कीं फुलटोच्या पक्षी त्याचें चिकट बीं शेजारच्या झाडावर नेऊन लावतो. मग एका झाडाचा रोग शेजाऱ्याच्या बागेपर्यंत जातो. खोडकिड्याची खूण म्हणजे बुंध्याशीं पडलेला लाकडाचा भुसा. भोंक शोधून वांकड्या तारेनें अळी ओढून काढावी, आंत रॉकेलचा बोळा घालून तोंड चिखलानें लिंपावें. एका झाडास या कामास अर्धा तास लागतो, व त्या अर्ध्या तासाच्या आळसापायीं वीस वर्षांचें झाड बसतें.

कवळ, राब आणि वणवा

हिवाळा अर्धा सरतो न सरतो तोंच डोंगरांवरील गवत वाळून पिवळें पडतें. याच सुमारास राबासाठीं कवळ तोडण्याचें काम सुरू होतें. राब भाजल्यावांचून भाताचें रोप होत नाहीं अशी आपल्याकडील जुनी समजूत असून त्यासाठींच वरकस जमिनी राखलेल्या असत. कवळ तोडणाऱ्यास फळझाड व रानझाड यांतील भेद आधींच दाखवून द्यावा. जांभळीस मोहोर आंब्यामागून, फाल्गुनाच्या सुमारास येतो. माघांत तिच्या डहाळ्या छाटल्या तर ज्येष्ठांतील जांभळें तेव्हांच गेलीं असें समजावें.

वणवा हा या सर्व पाहुण्यांत क्रूर. कोणी नवें गवत लवकर यावें म्हणून डोंगर पेटवितो, कोणाची विडी गवतांत पडते, कोठें राबाची ठिणगी उडते. आणि दुपारच्या वाऱ्यानें तासाभरांत आग उतारावरून बागेशीं येते. लहान कलमें तर त्यांत जातातच. परंतु मोठ्या झाडाचेंही बुंध्याजवळील साल भाजून निघतें, आणि तें झाड पुढें दोन-तीन वर्षें कुढत राहून मरतें. यास उपाय एकच, व तो पौष सरण्यापूर्वीं झाला पाहिजे. बागेच्या डोंगराकडील अंगास निदान ३ ते ५ मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून व पाला झाडून स्वच्छ करावा. हीच जाळरेषा. कापलेलें गवत तेथेंच ठेवूं नये. पट्ट्यांतील गवत जाळून काढावयाचें असल्यास तें एकट्यानें कधींही जाळूं नये. चार माणसें, ओल्या डहाळ्या व पाण्याचीं पिंपें जवळ ठेवून, वारा पडलेला असतांना सकाळीं जाळावें. जमीन वनहद्दीस लागून असेल तर वनरक्षकास आधीं सांगावें. कलमांच्या आळ्यांतील पेंढ्यावर या दिवसांत थोडी माती पसरावी, म्हणजे ठिणगी धरत नाहीं.

गुरें, वानरें व रानडुकरें

भात घरीं आलें कीं गुरें मोकळीं सोडण्याची रीत या भागांत अजून आहे. तीं मोकळ्या खाचरांतून थेट बागेंत येतात. एक शेळी पांच मिनिटांत पांच कलमांचे शेंडे खाऊन जाते, व कलमाचें एक वर्ष मागें पडतें. गुराख्याशीं भांडण्यापेक्षां कुंपण धड करणें स्वस्त. दगड मिळत असेल तेथें गडगा, नसेल तेथें करवंद, सागरगोटा किंवा चिलार यांचें जिवंत कुंपण उत्तम. अशा कुंपणांतील तुटलेली जागा हिवाळ्यांत ताबडतोब काट्यांनीं बुजवावी. एकदां पडलेली वाट जनावर विसरत नाहीं.

वानरांचा प्रश्न याहून बिकट आहे. माथेरानच्या डोंगररांगेंत वानरें व माकडें दोन्ही आहेत. हिवाळ्यांत रानांतील फळ कमी होतें तसतशीं तीं खालीं उतरतात. कोंवळी पालवी, मोहोर व पुढें कैऱ्या यांपैकीं जितकें खातात त्याच्या कितीतरी पट मोडून टाकितात. बुजगावण्यास तीं दोन दिवसांत ओळखतात. गोफण, डबे, कुत्रा, आवाज करणारी यंत्रें, जें कांहीं वापरावयाचें तें पाळीपाळीनें बदलत राहावें, आणि टोळी येण्याच्या वेळेस, म्हणजे सकाळीं व दुपार कलतांना, माणूस प्रत्यक्ष बागेंत असावा. फटाके या दिवसांत वापरूं नयेत. वाळल्या गवतांत ते वणव्यास आमंत्रण देतात. रस्त्यावर व देवस्थानांपाशीं हौसेनें वानरांस खाऊं घालणाऱ्या मंडळींसही आम्ही सांगूं इच्छितों कीं, त्या पुण्याची किंमत शेजारचा बागवान भरीत असतो. माणसाच्या हातून खाल्लेलें वानर माणसास भीत नाहीं.

रानडुकरें रात्रीं येतात व कलमांचीं आळीं उकरून मुळें उघडीं पाडतात. साळिंदर बुंध्याची साल कुरतडतें. कोंवळ्या खोडांभोंवतीं जाळी गुंडाळून ती थोडी जमिनींत पुरावी. सौर ऊर्जेवर चालणारें झटक्याचें कुंपण अनेक ठिकाणीं वापरांत आलें आहे. त्याचें यंत्र प्रमाणित असावें. घरगुती विजेची तार कुंपणास जोडणें हा गुन्हा आहे, आणि तिचा बळी बहुधा पहांटे पाण्यास निघालेला शेजारी किंवा आपलेंच पोर ठरतें. फांसे लावणेंही तितकेंच वाईट. त्यांत गांवचें कुत्रें अडकतें किंवा बिबट्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानडुक्कर परवानगीवांचून मारतां येत नाहीं. नुकसान झाल्यास भरपाईची तजवीज आहे. परंतु अर्ज तीन दिवसांचे आंत वनखात्याकडे गेला पाहिजे. फळझाडांची नोंद सात-बारावर नसेल तर हा अर्ज लंगडा पडतो. ई-पीक पाहणीची सोय २०२१ पासून राज्यभर झाली असल्यामुळें ही नोंद आतां खातेदारास स्वतः करितां येते. आजच्या काळीं जमीन रस्त्यांत किंवा महामार्गांत जाण्याचा प्रसंग कोणावरही येतो. तेव्हांही हीच नोंद कामास येते.

धूर आणि पाणी

शहराच्या कडेस असल्यामुळें आणखी दोन पाहुणे आपल्या वांट्यास आले आहेत. वीटभट्ट्या पावसाळा संपल्यावर पेटतात. हिवाळ्यांतील थंड पहाटे धूर वर न जातां खोऱ्यांतच पसरून राहतो. उत्तर हिंदुस्थानांतील आंब्याच्या बागांत भट्ट्यांच्या धुरामुळें फळाचें टोंक काळें पडून तें कुजतें, असें पुष्कळ वर्षांपूर्वींच सिद्ध झालें आहे. कैरी सुपारीएवढी झाल्यावर टोंकाकडे पिवळट डाग दिसूं लागल्यास तेथें रोगाचें औषध मारून पैसा वायां घालवूं नये. १० लिटर पाण्यांत ६० ग्रॅम टाकणखार मिसळून मोहोरापूर्वीं, मोहोरांत व फळ धरल्यावर फवारण्याची तिकडील रीत आहे. मूळ उपाय भट्टी व बाग यांमध्यें अंतर राखणें हाच. आणि तो ग्रामसभेंत, भट्टीस परवानगी देण्याच्या वेळींच मांडला पाहिजे. बागेच्या कडेस जांभळीची दाट रांग असेल तर वारा व धूळ तरी पुष्कळ अडते.

पाण्याचेंही तसेंच. काकोळ्याच्या डोंगरांतून निघून शिवमंदिराशेजारून जाणारी वालधुनी पुढें उल्हासनगराकडे पोंचेपर्यंत कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें नासते. नोव्हेंबर २०१४ मध्यें तिच्यांत सोडलेल्या रसायनामुळें उल्हासनगरांत शेंकडों रहिवाशांस वायूची बाधा झाली होती. अशा प्रवाहाकांठच्या विहिरीचें पाणी कलमांस देण्यापूर्वीं तें तपासून घ्यावें. पानांच्या कडा करपत असतील तर रोगाआधीं पाण्याचा संशय घ्यावा.

माणसें, आणि सामायिक राखण

शेवटचा पाहुणा माणूस. पावसाळ्यांत ज्या वाटा चिखलानें बंद असतात त्या हिवाळ्यांत गाड्यांस मोकळ्या होतात. शनिवार-रविवारीं मौजेस येणाऱ्या टोळ्या झाडाखालीं चूल मांडतात व बाटल्या टाकून जातात. रात्रीं इमारतींचा राडारोडा आणून ओतणारी वाहनें येतात. झाडाच्या बुंध्याशीं असा ढिगारा पडला कीं मुळें गुदमरतात. त्यांच्यामागून जमिनीचा दलाल येतो. वाळलेलें गवत, मोडकें कुंपण, कडेस राडारोडा अशी बाग त्याच्या नजरेंत आधीं भरते. आणि मालकासही ती विकून टाकावी असें वाटूं लागण्यास असेच दोन-तीन हिवाळे पुरतात. आमच्या मतें या भागांतील पुष्कळ बागा याच रीतीनें, कोणीं तोडण्यापूर्वींच, हातच्या गेल्या आहेत. आंबा, जांभूळ व फणस हीं झाडें १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादींत आहेत, व तीं परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. परंतु ज्या झाडाकडे कोणी फिरकत नाहीं तें राखण्यास कायदा एकटा पुरत नाहीं.

नोकरी करणाऱ्या मालकानें ८० दिवस बागेंत बसावें असें आम्ही सांगत नाहीं. तें शक्यही नाहीं. पण एकमेकांस लागून असलेल्या आठ-दहा बागांच्या मालकांनीं मिळून राखण केल्यास तें सहज साधतें. वानरांची टोळी एका बागेंतून हांकलली तर शेजारच्या बागेंत शिरते. वणवा बांध ओळखत नाहीं. बांडगुळाचें बीं पक्ष्याच्या चोंचींतून जातें. तेव्हां एकेकट्याचा बंदोबस्त अर्धाच ठरतो. आठ बागांत मिळून दिवसाचा एक व रात्रीचा एक असे दोन राखणदार ठेवावेत. त्यांचें वेतन झाडांच्या संख्येप्रमाणें वांटून घ्यावें. आसपासच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी बांधवांइतकी रानाची पारख दुसऱ्या कोणास नाहीं. जांभळाच्या दिवसांत फळ उतरवून तें विकण्याचें कामही त्यांच्यांतील अनेकजण करितात. राखणेचें काम त्यांस हंगामभराच्या निश्चित वेतनावर द्यावें, व शक्य तेथें फळांत वांटा ठेवावा. ज्यास फळांत वांटा आहे तो वानरांच्या आधीं उठतो.

राखणदार ठेवला म्हणजे मालक सुटला असें मात्र नव्हे. प्रत्येक मालकानें आठवड्यांतून एक ठराविक दिवस पाळीनें सर्व बागांतून फेरी मारावी व एका वहींत चार गोष्टी लिहाव्यात : मोहोर कोणत्या अवस्थेंत आहे, तुडतुडे व भुरी आहेत काय, कुंपण कोठें तुटलें आहे, आणि आंत कोण येऊन गेलें. आठ जण असतील तर प्रत्येकाची पाळी दोन महिन्यांतून एकदां येते आणि प्रत्येक बागेवर मात्र दर आठवड्यास जाणती नजर पडते. दोन हिवाळ्यांच्या वह्या शेजारीं ठेविल्या म्हणजे कोणता पाहुणा केव्हां येतो हें पुस्तकापेक्षां अधिक खात्रीनें समजतें.

कामांचा क्रम थोडक्यांत असा. दिवाळी झाल्यावर विम्याचा अर्ज, सात-बारावरील झाडांची नोंद व कुंपणाची डागडुजी. चंपाषष्ठीच्या सुमारास झाडांची पाहणी, खोडकिडा व बांडगूळ काढणें आणि मोहोरापूर्वींची फवारणी. पौषांत जाळरेषा व राखणदारांची पूर्ण वेळ हजेरी. माघांत उमललेल्या मोहोरास विश्रांति, कणी वाटाण्याहून मोठी होतांच पाणी, आणि शिवरात्रीस शेवटची मोजदाद. यंदाच्या राखणेची पाळी ठरविण्यासाठीं आमच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं मार्गशीर्ष लागण्यापूर्वीं एकत्र बसावें, व ज्यांचा मालक परगांवीं आहे अशा शेजारच्या बागांनाही त्या पाळींत धरावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.